गावच्या घरासाठी टीव्ही, बजेट २५ हजार: ३२ घेऊ, ४३ घेऊ का सरळ ५५?

देवरुखवाला (२४ सप्टेंबर २०२५, रात्री ११:१०)

नमस्कार मंडळी. टीव्ही घ्यायचाय, मला नाही, गावी आई-बाबांना. देवरुखपासून आत वाडीत घर आहे, मी पुण्यात नोकरीला. तिकडे सध्या २१ इंची जुना डबा आहे, २००४ ला घेतलेला, त्याला फ्री डिश जोडलीये. गणपतीत गेलो तर बघतो काय, चित्राचा उजवा कोपरा हिरवा पडलाय आणि आई म्हणते "चालतंय की, माणसं ओळखू येतात". बाबा ७१ वर्षांचे, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, ऐकायला जरा कमी येतं, क्रिकेट आणि बातम्या एवढंच बघतात पण आवाज असा लावतात की बातम्या खाली रस्त्यापर्यंत जातात. आईच्या मालिका फ्री डिशवर लागत नाहीत म्हणून ती रोज साडेसातला शेजारच्या काकूंकडे जाते ती साडेनऊला परत.

बजेट २५ हजार, ओढूनताणून २७. २२ तारखेपासून जीएसटी कमी झालाय म्हणून दसऱ्याला घ्यावा असं डोक्यात आहे. तीन पर्याय काढलेत:

नावाजलेल्या कंपनीचा ३२ इंची एचडी रेडी, १२-१३ हजार. नावाजलेल्याच कंपनीचा ४३ इंची, फुल एचडी किंवा ४के, २२ ते २६ च्या मधे. आणि तिसरा म्हणजे ऑनलाइन दिसतोय ५५ इंची ४के क्यूएलईडी, कंपनीचं नाव मी आयुष्यात ऐकलं नव्हतं, २४,९९९ ला.

ऑफिसातला मित्र म्हणतो ५५ घे येडा आहेस का, मामा म्हणतात दोन म्हाताऱ्या माणसांना ३२ पुष्कळ झाला. टीव्ही ओटीवर लागणार, झोपाळ्यावरनं बघतात, अंतर मोजलं नाही पण ९-१० फूट असेल. भिंती जांभ्याच्या. लाइट जाते येते. नेट म्हणजे मोबाइलचंच, ते पण अंगणात आलं की. दोन दिवस रिव्ह्यू बघतोय, एचडीआर, डॉल्बी, निट्स, काहीच कळेनासं झालंय.

---

रेझिस्टर (२४ सप्टेंबर, रात्री ११:५२)

सांगलीत रिपेअरिंगचं दुकान आहे माझं, १८ वर्षं झाली, त्यामुळे मी टीव्ही विकत नाही, बंद पडल्यावर बघतो. त्या हिशोबाने सांगतो.

५५ आधी डोक्यातनं काढा. एवढं मोठं पॅनेल एवढ्या पैशात द्यायचं तर कुठंतरी कापावं लागतंच, आणि कापतात ते बहुतेक बॅकलाइटमध्ये. पडद्यामागे एलईडीच्या पट्ट्या असतात, स्वस्तात त्या मोजक्याच टाकायच्या आणि उजेड दिसावा म्हणून त्यांच्यातनं करंट जास्त सोडायचा. दीड-दोन वर्षात एक दिवा जातो आणि लाइनीतले सगळे बंद. माझ्याकडे येणाऱ्या टीव्हीत सगळ्यात जास्त तक्रार हीच, "आवाज येतोय, चित्र नाही". मोबाइलचा टॉर्च पडद्यावर मारला की आत चित्र अंधुक हलताना दिसतं, मग समजायचं पट्ट्या गेल्या. पट्ट्या बदलता येतात पण ५५ चं पॅनेल उघडताना तडकलं तर टीव्ही भंगार, म्हणून बरेच मेकॅनिक हात पण लावत नाहीत.

आता ४के चं बघा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपके. नॉर्मल नजर साधारण एका मिनिटाच्या कोनाएवढा बारकावा ओळखते, मिनिट म्हणजे एका अंशाचा ६० वा भाग. ४३ इंची टीव्हीची रुंदी ९५ सेंटीमीटर, फुल एचडीत त्या रुंदीत १९२० ठिपके, म्हणजे एक ठिपका अर्धा मिलिमीटर. हा ठिपका वेगळा दिसायचा थांबतो साडेपाच-पावणेसहा फुटांवर. तुमचे बाबा ९ फुटांवर झोपाळ्यावर, तेही ऑपरेशन झालेल्या डोळ्यांनी. तिथनं ४३ च्या फुल एचडीत आणि ४के मध्ये फरक सांगणारा माणूस मला दाखवा, त्याचा सत्कार करू. ३२ चा एचडी रेडी घेतला तरी गणित जवळपास तेच येतं, सहा फुटांच्या पुढं सगळं सारखं.

मग काय बघायचं तर पडदा केवढा आणि त्यात येतंय काय. हे येतंय काय वालं कोणी विचारत नाही. फ्री डिशवरची बहुतेक चॅनेलं एसडी आहेत, म्हणजे जुन्या साध्या दर्जाची, ७२० बाय ५७६ ठिपके. ते ४३ वर ताणले की एकेक ठिपका सव्वा मिलिमीटरच्या वर जातो आणि तो ९ फुटांवरनं बराच कळतो, चेहरे पिठूळ दिसतात. नवीन टीव्ही आणल्यावर "जुन्यावर चांगलं दिसत होतं" म्हणून जे लोक माझ्या दुकानात येतात त्यांच्या टीव्हीला काही झालेलं नसतं. जुना डबा एसडीसाठीच बनलेला होता, त्यावर ते चित्र शोभायचं.

तेव्हा ४३ घ्या, फुल एचडी मिळाला तर फुल एचडी घ्या, हल्ली ४३ मध्ये ४केच जास्त मिळतात तर ४के घ्या, पण त्याच्यासाठी जादा पैसे टाकू नका. उरतील त्या पैशात एचडीचा डीटीएच बॉक्स घ्या. आईंच्या मालिका पण त्यात आल्या.

---

झकास_५५ (२५ सप्टेंबर, सकाळी ८:३०)

रेझिस्टर साहेब एवढं पण काही नाही हो. माझ्याकडे असाच कमी फेमस ब्रँडचा ५५ आहे, तीन वर्षं झाली, मस्त चाललाय, मॅच बघायला आख्खी चाळ येते. एकदा मोठा पडदा बघितला की लहान बघवत नाही हे लिहून घ्या. आणि पुढच्या चार-पाच वर्षात सगळं ४केच होणार, मग तेव्हा परत घेणार का? मोठा घेतला म्हणून कोणी रडलेला मी बघितला नाही, लहान घेऊन रडलेले खूप.

---

रेझिस्टर (२५ सप्टेंबर, सकाळी ९:१५)

शेवटचं वाक्य मान्य, म्हणूनच ३२ नको म्हणतोय. ३२ आणि ४३ मध्ये ११ इंचाचा फरक वाटतो पण क्षेत्रफळ काढलं तर ४३ चा पडदा ८० टक्क्यांनी मोठा आहे. आणि अजून एक गंमत. ज्यांच्याकडे २९ इंची डबा होता त्यांनी ३२ चा एलईडी आणला की चित्राची उंची उलट कमी झाली, कारण जुना पडदा चौकोनी आणि नवीन आडवा पसरट. बातम्या देणारा माणूस लहान झाला म्हणून भांडायला आलेला एक जण मला आठवतोय.

तुमचा तीन वर्षं चालला ही चांगली गोष्ट आहे. चाललेले टीव्ही माझ्याकडे येत नाहीत, त्यामुळे माझं मत थोडं तिकडे झुकलेलं असणार हेही कबूल. पण तुम्ही शहरात आहात, बिघडला तर कोणीतरी येईल. देवरुखच्या आत वाडीत कोण जाणार?

---

रानमेवा (२५ सप्टेंबर, दुपारी १:४०)

मी गुहागरची. आमच्याकडचं सांगते, हे रिव्ह्यूवाले सांगत नाहीत.

वीज. पाऊस जाताना ऑक्टोबरात जी गडगडते ती तुम्हाला माहीतच आहे. दोन वर्षांमागे आम्ही शहाण्यासारखा टीव्हीचा प्लग काढून ठेवला होता, तरी टीव्हीचा एचडीएमआय पोर्ट, म्हणजे बॉक्सची वायर लागते ते भोक, गेला आणि सेटटॉप बॉक्स पण. कारण डिशची वायर तशीच लावलेली. कौलावरच्या डिशमधनं वायरीने बॉक्समध्ये, बॉक्समधनं टीव्हीत. तेव्हापासून आभाळ भरलं की प्लग पण काढायचा आणि बॉक्सच्या मागची डिशची वायर पण फिरवून काढायची, हे सासूबाईंना शिकवून ठेवलंय, त्या आता माझ्याआधी उठतात. स्पाइक गार्ड लावा, अर्थिंग नीट आहे का ते एकदा वायरमनकडून बघून घ्या कारण जुन्या घरांत तीन पिनचं सॉकेट असतं आणि तिसऱ्या पिनेला मागे काहीच जोडलेलं नसतं. पण जवळ वीज पडली तर गार्डबिर्ड काही वाचवत नाही, वायर काढणं हाच उपाय. आणि विजेने गेलेला टीव्ही वॉरंटीत बसत नाही, वर पावती नाचवून उपयोग नाही.

दुसरं, भिंत. जांभ्याच्या चिऱ्यात साधी प्लास्टिकची गिट्टी धरत नाही, भोक पाडताना भुगाच होतो. कंपनीचा माणूस येतो, चार स्क्रू मारतो, सही घेतो आणि जातो. आमचा एका बाजूने खाली आला होता, नशीब वेळेत दिसलं. आधी सुताराकडून जाड फळी लांब बोल्टने बसवून घ्या आणि फळीवर स्टँड लावा, किंवा सरळ टेबलावर ठेवा. टेबल बरं खरं तर, पावसात भिंत ओल धरते आणि टीव्ही चिकटून राहिला की मागनं ओल खातो. पावसाळ्यात बघायचा नसला तरी रोज थोडा वेळ लावावा, आतली गरमी ओल घालवते.

तिसरं, पाल. हसू नका. मागच्या फटींतनं गरमीला आत जाते.

---

रेझिस्टर (२५ सप्टेंबर, दुपारी २:०५)

पालीचं अजिबात हसण्यावारी नेऊ नका, बोर्डावर भाजलेल्या पाली मी स्वतः काढल्यात. मुंग्या पण. फटी बंद मात्र करू नका, हवा लागते.

---

देवरुखवाला (२५ सप्टेंबर, रात्री १०:२०)

बापरे, मी निट्स बघत बसलो होतो आणि इकडे पाल.

बरं, ५५ रद्द. ३२ पण रद्द धरतो. आता ४३ मध्ये स्मार्ट घ्यायचा का? साधा घेतला तर पैसे वाचतील का? बहीण म्हणते युट्यूब लावता आलं पाहिजे, आईला कीर्तनं बघायची असतात.

---

वऱ्हाडी_ठेचा (२५ सप्टेंबर, रात्री ११:००)

भाऊ, ४३ मध्ये बिनस्मार्ट आता शोधून पण फार मिळत नाही, मिळाला तरी पैशाचा फरक नगण्य. स्मार्टच घ्या पण माझी चूक करू नका.

मी अकोल्याला बाबांसाठी मागच्या साली स्मार्ट घेतला, लय खूश होतो. पुण्याला परत आलो आणि तिसऱ्या दिवशी बाबाचा फोन, "टीव्ही लागून नाही राह्यला". मी म्हटलं काय दिसते, तर म्हणे "चौकटी चौकटी दिसतात, सिनेमाची पोस्टरं लागली आहेत". म्हणजे टीव्ही चांगला चालू होता, होम स्क्रीनवर उभा होता, त्याला एचडीएमआय वर न्यायचं होतं एवढंच. पण जुन्या टीव्हीत बटण दाबलं की सह्याद्री लागायचं, आता दोन रिमोट, टीव्हीच्या रिमोटवर नंबरच नाहीत, काहून करतील बिचारे. वर त्या रिमोटवर ओटीटीची चार बटणं असतात ती चुकून दाबली जातात आणि मग ते लॉगिन मागते.

यावर इलाज आहे. बऱ्याच टीव्हीत सेटिंगमध्ये चालू केल्यावर काय दिसावं हे ठरवता येतं, पॉवर ऑन इनपुट किंवा तसंच काही नाव असते, तिथं शेवटचा इनपुट किंवा एचडीएमआय-१ करून ठेवायचं. म्हणजे टीव्ही लागला की थेट डीटीएचचं चॅनेल. दुकानातच रिमोट हातात घेऊन ही सेटिंग त्या मॉडेलला आहे का ते बघा, नसेल तर दुसरं मॉडेल. मी तर म्हणतो तुमच्या आई-बाबांसाठी हे एचडीआरपेक्षा मोठं फीचर आहे. मग टीव्हीचा रिमोट कपाटावर, हातात फक्त डीटीएचचा, तो टीव्हीचं चालू-बंद आणि आवाज शिकतो का तेही विचारा.

आवाजाचं पण सांगतो. पातळ टीव्हीचे स्पीकर खालच्या बाजूला तोंड करून असतात. २० वॅट लिहिलेलं असलं तरी बोलणं स्पष्ट ऐकू येईलच असं नाही, ऐकायला कमी येणाऱ्या माणसाला नुसता आवाज वाढवून फायदा होत नाही, शब्द कळले पाहिजेत. साउंड सेटिंगमध्ये बोलण्याचा आवाज पुढे आणणारा मोड असतो, व्हॉइस, स्पीच, न्यूज असं काही, तो लावा. तेवढ्याने भागलं नाही तर दोन-अडीच हजाराचा छोटा साउंडबार, पण तो ब्लूटूथने नका जोडू, आवाज मागनं येतो आणि म्हातारी माणसं गोंधळतात. टीव्हीच्या मागे एआरसी लिहिलेला एचडीएमआय असतो, टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारा, बहुतेक एकच असतो, त्यात जोडा. म्हणून दोन तरी एचडीएमआय असलेलाच घ्या, तीन असले तर उत्तम.

---

हिशोबवही (२६ सप्टेंबर, सकाळी ७:४५)

पैशाचं कोणी बोललं नाही म्हणून मी.

जीएसटी २८ वरून १८ झालाय तो ३२ इंचापेक्षा मोठ्या टीव्हींवर. ३२ आणि त्याखालचे आधीपासूनच १८ मध्ये होते, त्यामुळे कोणी ३२ इंची "जीएसटी कपातीमुळे स्वस्त" म्हणून विकत असेल तर त्याला नमस्कार करून पुढच्या दुकानात जा. आणि १० टक्के टॅक्स कमी म्हणजे किंमत १० टक्के कमी असं होत नाही. मूळ किंमत २०,००० धरा, आधी २५,६०० पडायचा, आता २३,६००. म्हणजे पावणेआठ-आठ टक्के. जुन्या किमतीचा स्क्रीनशॉट कोणाकडे असेल तर ताडून बघा.

नो कॉस्ट ईएमआयवर प्रोसेसिंग फी असते, व्याजावरचा जीएसटी पण बऱ्याचदा आपल्याच माथी येतो, आणि रोखीने घेतला तर मिळाली असती ती सूट जाते ती वेगळीच. एक्स्चेंजमध्ये डब्याचे शे-पाचशे धरतात, त्यावर भाळू नका.

ऑनलाइन की दुकान, तर तुमच्या केसमध्ये दुकान. एकतर वाडीपर्यंत डिलिव्हरी येईल का हाच प्रश्न, आली तर तिठ्यावर उतरवून फोन करतील. माझ्या चुलत्यांकडे ऑनलाइन मागवलेला टीव्ही आला, खोकं दोन दिवस तसंच ठेवलं की मुलगा येईल मग उघडू, उघडलं तर पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारखी तडा. कंपनीचं नाव घेत नाही, पण उत्तर आलं की डिलिव्हरीच्या वेळी का नाही बघितलं. बरेच दिवस १९१५ वर, म्हणजे ग्राहक हेल्पलाइनवर तक्रारी करून शेवटी बदलून मिळाला. ओपन बॉक्स डिलिव्हरी घ्या, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, आणि टीव्ही लावून बघितल्याशिवाय सही नाही.

ऑनलाइनची किंमत मोबाइलवर काढून देवरुख किंवा रत्नागिरीच्या दुकानात दाखवा. हजार-पाचशेचा फरक राहिला तरी द्या त्याला, तो माणूस तिथंच राहणार आहे.

---

झकास_५५ (२६ सप्टेंबर, सकाळी १०:१२)

ओके मी माघार घेतो, वाडीचं लक्षात नव्हतं आलं. पण एक सांगतो, आतलं सॉफ्टवेअर गुगल टीव्ही असलेलाच घ्या, किंवा टायझन, वेबओएस असलं त्या त्या कंपनीचं स्वतःचं. नुसतं "अँड्रॉइड स्मार्ट टीव्ही" लिहिलेले स्वस्त येतात त्यात गुगलचं सर्टिफिकेशन नसतं, मोबाइलचं अँड्रॉइड आणून टीव्हीत घातलेलं असतं, अॅप उघडलं की पडद्यावर माउसचा बाण येतो आणि तो रिमोटने सरकवत बसायचं. मेव्हण्याकडे आहे. नेटफ्लिक्स त्यात लागलं तरी चित्र ४८० च्या वर जात नाही. रॅम २ जीबी असेल तर बघा, १ जीबीवाला सहा महिन्यात कासव होतो.

---

रेझिस्टर (२६ सप्टेंबर, सकाळी ११:३०)

आणि नेटचा अंदाज आधीच असू द्या. एचडीत सिनेमा बघितला तर तासाला ३ जीबीपर्यंत जातात. मोबाइलचा रोजचा दीड-दोन जीबीचा प्लॅन असेल तर पाऊण तासात खलास, म्हणजे कीर्तनात पूर्वरंग संपेपर्यंत. युट्यूबला ४८० वर सेट करून द्या, कीर्तनाला तेवढं पुरतं. मॅच मात्र डीटीएचवरच बघा, नेटवर बघितली तर शेजारी आधी ओरडतात आणि आपल्याकडे बॉल अजून बॉलरच्या हातात.

दुकानात काय बघाल ते सांगतो. तिथं सगळे टीव्ही व्हिविड, म्हणजे भडक रंगांच्या मोडवर लावलेले असतात आणि फुलपाखरं, फळं, समुद्र असलं चित्र चालू असतं, त्यात सगळेच चांगले दिसतात. दुकानदाराला सांगायचं बातम्यांचं साधं एसडी चॅनेल लाव. मग बाजूला जाऊन उभं राहायचं. काही पॅनेलात बाजूने बघितलं की रंग धुतल्यासारखे होतात, व्हीए म्हणतात ते, त्यात काळा रंग मात्र छान काळा दिसतो. आयपीएस असलं की बाजूने पण नीट दिसतं पण अंधारात काळा थोडा राखाडी. तुमच्याकडे ओटी, उजेड भरपूर, कोणी झोपाळ्यावर कोणी पायरीवर बसणार, तर बाजूने नीट दिसणारा घ्या. एचडीआर (उजेड-अंधारातला फरक जास्त दाखवणं), निट्स (पडद्याच्या उजेडाचं माप) सगळं सोडून द्या. या किमतीत पडद्याचा उजेडच एवढा नसतो की एचडीआरचा काही उपयोग व्हावा, खोक्यावर छापायला बरं असतं.

घरी नेल्यावर व्हिविड काढून स्टँडर्ड किंवा सिनेमा करायचं आणि बॅकलाइट १०० वरून ६०-७० वर आणायचा, पट्ट्या पण जास्त टिकतात. जुनं चौकोनी चित्र ताणून पूर्ण पडदा भरू नका, मालिकेतल्या सगळ्या बायका जाड दिसतात.

फ्री डिशचा बॉक्स ठेवणार असाल तर त्याची लाल-पांढरी-पिवळी वायर लागायला टीव्हीला एव्ही इन आहे का बघा, नवीन टीव्हीत तीन भोकं नसतात, हेडफोनसारखं एक बारीक भोक असतं आणि त्याची जोडवायर खोक्यात असते किंवा नसते.

---

रानमेवा (२६ सप्टेंबर, दुपारी १२:१०)

सर्व्हिसचं राहिलं. घ्यायच्या आधी त्या कंपनीच्या कस्टमर केअरला फोन करून गावचा पिनकोड सांगा आणि विचारा माणूस किती दिवसांत येतो. "आमचे प्रतिनिधी आपल्याशी संपर्क साधतील" असं उत्तर आलं तर समजा रत्नागिरीहून यायचाय आणि येणार नाहीये.

---

देवरुखवाला (४ ऑक्टोबर, रात्री ९:३०)

मंडळी घेतला. दसऱ्याला सकाळी देवरुखच्या दुकानातनं. ४३ इंची ४के, फुल एचडीत चांगल्या कंपनीचा शिल्लकच नव्हता आणि फरक फक्त ८०० चा होता म्हणून. २४,३०० ला पडला, ऑनलाइनपेक्षा ६०० जास्त पण दुकानदार स्वतः टेम्पोतनं घेऊन आला, लावून दिला आणि चहा घेऊन गेला. दुकानात मी बातम्यांचं चॅनेल लावायला सांगितलं आणि बाजूला जाऊन उभा राहिलो तेव्हा तो म्हणाला साहेब तुम्ही लाइनमधले का. पॉवर ऑन इनपुटची सेटिंग पहिल्या मॉडेलला नव्हती, दुसऱ्याला होती, म्हणून दुसरा घेतला. सुताराने आंब्याची फळी बसवून दिली पण शेवटी रानमेवा ताईंचं ऐकून टेबलावरच ठेवला, फळीवर आता गणपतीचा फोटो आणि बॉक्स.

एचडी डीटीएच जोडला. वऱ्हाडी भाऊ, टीव्हीचा रिमोट कपाटावर आहे. कीर्तनाचं मात्र अजून जमलं नाही, मोबाइलची रेंज ओटीपर्यंत येत नाही, हॉटस्पॉट लावायचा तर मोबाइल खिडकीत उभा करावा लागतो.

तेव्हा एकूण २४,३०० अधिक डीटीएचचं कनेक्शन अधिक स्पाइक गार्ड. वायरमनने अर्थिंग बघितलं, तिसरी पिन खरंच कुठेच जोडलेली नव्हती. त्याचे वेगळे गेले. बजेट २७ ला टेकलं, साउंडबार पुढच्या वेळी.

---

वऱ्हाडी_ठेचा (४ ऑक्टोबर, रात्री १०:०५)

अभिनंदन भाऊ! जुन्या डब्याचं काय केलं?

---

देवरुखवाला (४ ऑक्टोबर, रात्री १०:२२)

पडवीत आहे, वर चादर टाकून. दुकानदार ४०० द्यायला तयार होता पण आई देत नाहीये, म्हणते चालू आहे अजून.

---

रेझिस्टर (४ ऑक्टोबर, रात्री १०:४०)

असू दे, फक्त फेरीच्या भंगारवाल्याला देऊ नका. ते तांब्यासाठी मागची नळी फोडतात आणि काच बागेत टाकून जातात, त्या काचेत शिसं असतं. पुढे कधी दिलाच तर दुकानदारालाच द्या.

---

देवरुखवाला (३ नोव्हेंबर, सकाळी ८:१५)

धागा वर काढतोय, राहवलं नाही म्हणून. काल बायकांच्या वर्ल्डकपची फायनल, बाबा रात्री बारा वाजून गेले तरी जागे. हरमनप्रीतने शेवटचा कॅच घेतला तसा त्यांचा मला फोन, हॅलो नाही काही नाही, "बघितलास का, तिची बोटं दिसत होती, बोटं". मी फोन कानापासून लांब धरला होता. आवाजाचा व्हॉइस मोड लावलाय त्यामुळे टीव्हीचा आवाज आता निम्म्यावर आहे, बाबांचा तेवढाच आहे.

परवा वीज कडाडली तेव्हा आईने दोन्ही वायरी काढल्या, पण डिशची वायर परत लावताना नीट बसली नाही म्हणून एक दिवस टीव्ही बंद. शेवटी शेजारच्या मुलाने येऊन फिरवून दिली.

आणि मालिका आता घरी एचडीत दिसतात तरी आई साडेसातला काकूंकडेच जाते. मी विचारलं तर म्हणाली, मी इथं बसले तर ती एकटी बघत बसेल ना. मग म्हटलं त्यांनाच इकडे बोलव, पडदा मोठा आहे. तर म्हणे तिच्याकडे पोफळं सोलायची असतात, ती इकडे कुठं आणणार.

---

रानमेवा (३ नोव्हेंबर, सकाळी ८:५०)

मग काकूंना पण ४३ घ्यायला लावा, दुकानदार ओळखीचा झालाच आहे 😄 त्यांची भिंत पण जांभ्याचीच ना?